तुम्ही विचारलंत म्हणून: मोनिका, स्टेफी आणि ९३ चा मे

फ्रेंच ओपन सुरू झाली की कोणीतरी मला विचारतंच. ९३ ला हॅम्बुर्गमध्ये टेनिसची मॅच चालू असताना मोनिका सेलेसला तो सुरा लागला नसता तर तुमच्या स्टेफी ग्राफच्या २२ ग्रँड स्लॅम झाल्या असत्या का? 'तुमच्या' वर जोर देऊन. (ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा.) भाऊ विचारतो, ऑफिसातले विचारतात, परवा भाच्याने विचारलं, ज्याचा जन्मच २००४ चा. आजवर मी एकतर भांडले नाहीतर विषय बदलला, आज काय ते सांगून टाकते.

आधी माझं ऐका. सुरा मारणाऱ्या त्या माणसाला स्टेफीने पाठवलं नव्हतं. तो तिच्यासाठी वेडा होता यात तिचा काय दोष? दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये जाऊन मोनिकाला भेटली होती, हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीतही नसतं. आणि हॅम्बुर्गच्या आधी दोघींच्या १० मॅच झाल्या होत्या, त्यातल्या ६ स्टेफीच्या. हा आकडा मी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आले.

खरा आहे तो. पण त्या ६ मधल्या ३ १९८९ च्या आहेत हे मी कधी सांगितलं नाही, तेव्हा मोनिका १५ वर्षांची होती. तोवर ग्रँड स्लॅमच्या फायनलला दोघी ४ वेळा समोरासमोर आल्या होत्या, त्यातल्या ३ मोनिकाने नेल्या, हेही गाळायचे. जानेवारी ९१ ते फेब्रुवारी ९३ या काळात ती ३४ स्पर्धा खेळली आणि ३३ वेळा फायनलला गेली, म्हणजे फायनलला ती असणारच असं धरून चालायचो आपण. १६ व्या वर्षी पॅरिसला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीत अडकलेल्या सेटच्या निर्णायक गेममध्ये, ६-२ ने मागे असताना चार सेट पॉइंट वाचवून तिने स्टेफीला हरवलं तेव्हा मला वाटलं होतं की एखादं वर्ष, मग उतरेल हे वारं. २० ची व्हायच्या आत ८ स्लॅम झाल्या तिच्या, आणि हॅम्बुर्गनंतरच्या उरलेल्या सगळ्या करिअरमध्ये फक्त १.

मला ती आवडायची नाही, हे स्पष्टच सांगते. दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी मारायची आणि प्रत्येक फटक्याला ओरडायची. ९२ च्या विम्बल्डनला लंडनच्या पेपरांनी तिचं ओरडणं मोजायला यंत्र लावलं, समोरच्या खेळाडूंनी तक्रार केली, आणि फायनलला ती पोरगी गप्प राहून खेळली. ६-२, ६-१ ने हरली. आमच्या घरात मी तिच्या ओरडण्याची नक्कल करायचे, पाहुणे आले की आई मुद्दाम करायला लावायची, सगळे पोट धरून हसायचे. युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादला पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये दोरी बांधून बापाने तिला शिकवलं, तो व्यंगचित्रकार, बॉलवर टॉम अँड जेरीमधला जेरी काढून द्यायचा म्हणजे पोर त्याच्यावर नेम धरेल, हे सगळं मला फार नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तेव्हा नक्कल थांबवली असती असं नाही वाटत.

आता मूळ गोष्ट. मी १४ ची होते, मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला मामाकडे. मामेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, ताई म्हणायचे मी तिला, आणि ताई मोनिकाची. कपाटाच्या दाराला आतून मोनिकाचा फोटो, कारण बाहेर लावलेला मामीला चालायचा नाही. अंगणात बॅडमिंटनची रॅकेट दोन्ही हातांनी धरून भिंतीवर रबरी बॉल मारत बसायची आणि हळूच, मामाला ऐकू जाणार नाही इतपत, ओरडायची सुद्धा. त्या सकाळी ती माळ्यावर अढीतले पिकलेले आंबे वेगळे काढत होती आणि मी शिडीच्या मधल्या पायरीवर, ती देईल ते खाली मामीच्या टोपलीत टाकायचे. मामा पेपर घेऊन आत आला आणि खालूनच वाचून दाखवलं. हॅम्बुर्ग, मालीवाबरोबर मॅच, मोनिका ६-४, ४-३ ने पुढे, ब्रेकमध्ये खुर्चीत बसली असताना मागून येऊन एकाने पाठीत सुरा मारला. जीव वाचलाय म्हणाला.

ताई काही बोलली नाही. हातात एक आंबा होता, त्याला गवत चिकटलेलं, ते ती काढत बसली, एकेक काडी. आणि मी म्हणाले, "म्हणजे आता फ्रेंच ओपन स्टेफीचीच."

मुद्दाम लागेल असं बोलायचं नव्हतं हो मला. म्हणजे असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तोंडातून निघालं ते निघालं, आणि निघताना मला बरं वाटलं होतं, पोटात हलकं हलकं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ताईने तो आंबा माझ्या हातात दिला, पुढचा दिला, सगळी अढी संपवली, खाली उतरली आणि उरलेली सुट्टी माझ्याशी कामापुरतं बोलली. मामीला वाटलं आमचं पत्त्यांवरून बिनसलंय.

फ्रेंच ओपन स्टेफीनेच जिंकली. मग विम्बल्डन, मग यूएस, मग ऑस्ट्रेलियन. हॅम्बुर्गनंतरच्या तिच्या ११ स्लॅमपैकी ६ मोनिका कोर्टवर नसतानाच्या. जखम जेमतेम दीड सेंटिमीटर खोल, काही आठवड्यांत भरली, पण पोरगी २८ महिने परतली नाही. त्यात बापाला कॅन्सर. तो माणूस सस्पेंडेड शिक्षेवर सुटला आणि ती जर्मनीत पुन्हा कधी खेळली नाही. रोममध्ये खेळाडूंचं मत घेतलं की हिचं रँकिंग राखून ठेवायचं का, तर नाही म्हणाल्या, एक सबातिनी तेवढी तटस्थ राहिली. यावर मी पूर्वी म्हणायचे की नियम तो नियम. आता म्हणवत नाही, पण त्या खेळाडूंना शिव्या घालायलाही माझं तोंड नाही.

मग २२ झाल्या असत्या का? नसत्याही. किंवा मोनिकाला दुखापती झाल्या असत्या, पाय तिचे आधीही दुखायचे, ९१ ला विम्बल्डन त्यापायीच सोडलं. १९ वर्षांच्या मुलीचं पुढचं कोणाला सांगता येतं? मी म्हणते सांगता येत नाही, ताई म्हणेल येतं.

९५ च्या यूएस फायनलला तू कोणाकडून होतीस, असंही एकाने विचारलंय. स्टेफीकडून. मोनिका परत आली होती, टोरंटो जिंकून आली होती, पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये ६-५ वर तिची सर्व्हिस, तिला वाटलं समोरचीला टोलवताच न येणारी एस बसली, ती सेट जिंकल्यासारखी वळली सुद्धा, आणि मी टीव्हीसमोर एकटीच, घर झोपलेलं, आउट आउट म्हणत होते. आउटच दिली. दुसरा सेट तिने ६-० काढला तेव्हा मी आवाज बारीक केला आणि ताईचा विचार करत बसले, ती जागीच असणार. तिसरा स्टेफीने काढला. रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात लागायचा, मिरजेचा नंबर पाठ होता. नाही लावला.