मोत्याचा नंबर

डॉक्टरनं मोत्याच्या मानेवर मशीन फिरवली, टूं वाजलं अन् स्क्रीनवर १५ आकडे आले. बाबा चष्मा वर करून पाहत होते, म्हणे, "सातबाऱ्यावर माहं नाव अजून धड नाई चढलं, अन् या कुत्र्याले नंबर भेटला!"

डॉक्टर हसला. मी नाई हसलो.

मले वाटलं होतं तिकीट काढलं की झालं. पण जर्मनीले न्यायचं म्हणजे आधी मानेत कातड्याखाली चिप (तो नंबर तिचाच), मंग रेबीजची लस, मंग कमीत कमी ३० दिवसांनी रक्त काढून लॅबले, अन् रिपोर्ट चांगला आला तरी रक्त काढल्यापासून ३ महिने थांबा. चिपच्या आधी टोचलेली लस तं धरतच नाईत (आमची तशीच वाया गेली). माही जॉइनिंग पुढच्या महिन्यात, म्हणजे मोत्या कापूस घरी येवस्तोवर इथंच.

पिल्लू आणलं तवा याच बाबांनी शिव्या घातल्या होत्या. आज येताना गाडीत त्याचं डोकं यायच्या मांडीवर, हात चिपच्या जागेवर, दुखत असन म्हणून.

"चार-पाच महिन्यानं येतो न्यायले," म्हटलं.

खिडकीबाहेर पाहत म्हणे, "येजो. घाई नोको करू."