पेनड्राइव्हला कुलूप लावा की!

गणपतीला चाकरमानी आले की रत्नागिरीत झेरॉक्सवाल्याकडे हीऽऽ गर्दी, प्रत्येकाकडे पेनड्राइव्ह आणि त्यात सातबारा, आधार, पॅन सगळं उघडंच. फोल्डर हाइड केलाय म्हणतात, अहो ते दोन क्लिकमध्ये दिसतं! विंडोज प्रो असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर (विंडोजमधलंच पासवर्डचं कुलूप) ऑन करा, होम एडिशनवर ते लावता येत नाही पण लावलेलं उघडता येतं, नाहीतर तसंच कुलूप लावणारं फुकटातलं सॉफ्टवेअर व्हेराक्रिप्ट आहेच. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरलात तर उघडायची किल्ली) देतो, ती त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका (ठेवणारे आहेत हो). पासवर्ड विसरलात आणि कीपण हरवली तर फाइली गेल्याच समजा. आणि दुकानातल्या पीसीवर पासवर्ड टाकूच नका, प्रिंटपुरती पीडीएफ वेगळ्या ड्राइव्हवर न्या.