तुम्ही विचारलंत म्हणून: पडलेल्या गावात बघितलं काय?

"घरच उभं नाही, मग एवढ्या लांब सिसिलीत जाऊन बघितलंत काय?" आमच्या ह्यूस्टनच्या मंडळात हा प्रश्न मला दर गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच. त्याला जोडून दुसरा येतो, जरा खालच्या आवाजात: "आणि मुळं शोधायची तर नवऱ्याची. तुम्हाला कसला एवढा उत्साह?" नवऱ्याच्या पूर्वजांचं गाव इटलीच्या सिसिली बेटावर, भूकंपात पडलेलं, आणि तिथे आम्ही जाऊन आलो, त्यावरून हे प्रश्न. दोन्हींचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझं सासर टेक्सासातल्या ब्रायनचं. ब्राझोस नदीकाठची तिथली जमीन पुरात जाणारी, म्हणून स्वस्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतली कुटुंबंच्या कुटुंबं बोटीने येऊन तिथे कापूस पिकवायला लागली. बहुतेक जण शेजारपाजारच्या गावांतले: कोर्लिओने, पोज्जोरेआले, सालापारुता. सासरी विचारलं तर सगळे ठणकावून सांगायचे, "आम्ही कोर्लिओनेचे." 'गॉडफादर' सिनेमामुळे ते नाव जगभर झालंय, त्यामुळे सांगायला सोपं. पण बोटीच्या प्रवासी यादीत नवऱ्याच्या पणजोबांच्या नावापुढे निघालं पोज्जोरेआले. खूण तशी डोळ्यांसमोरच होती. ब्रायनमधलं इटालियन मंडळींचं चर्च संत अँथनीचं, आणि पोज्जोरेआलेचा ग्रामसंतही तोच. सासूबाईंना मात्र हा शोध फारसा रुचला नाही. दोन दिवस त्या "यादी लिहिणाराच चुकला असेल" म्हणत होत्या.

पोज्जोरेआले आता दोन आहेत. जुनं गाव १६४२ मध्ये टेकडीच्या उतारावर वसवलेलं. १४ जानेवारी १९६८ च्या रविवारी दुपारी बेलिचे खोऱ्यात धक्के सुरू झाले आणि १५ तारखेला पहाटे तीनच्या सुमाराला मोठा भूकंप झाला. जिबेल्लिना, सालापारुता, मोन्तेवागो आणि पोज्जोरेआले ही चार गावं बाद झाली. दुपारच्या धक्क्यांना घाबरून लोक घरं सोडून माळावर जाऊन बसले होते, म्हणून पुष्कळ जीव वाचले. त्यानंतर कित्येक वर्षं माणसं पत्र्याच्या बराकींत राहिली. नवं गाव खाली सपाटीवर बांधलं. रस्ते एवढे रुंद की दोन्ही बाजूंना गाड्या लावूनही मोकळे वाटतात. मला ते अजिबात आवडलं नाही. वास्तुविशारदांनी कागदावर झकास काढलं असेल, पण समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून गप्पा मारणाऱ्या लोकांना त्यात कसं करमावं?

तर घर नाही. पण कागद आहेत, आणि ते असण्याचं कारण मला फार आवडतं. सिसिलीत १८२० पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद होते, आणि प्रत्येक वही दोन प्रतींत. एक प्रत गावात राहायची, दुसरी जिल्ह्याच्या न्यायालयात जायची, आणि तिथल्या जुन्या वह्या पुढे सरकारी अभिलेखागारात जातात. म्हणजे गावातली नगरपालिका कोसळली तरी एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी, त्रापानीला, शाबूत. इटलीतल्या अशा पुष्कळ वह्या 'आन्तेनाती' आणि 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळांवर स्कॅन करून ठेवल्या आहेत, फुकट. विमानाचं तिकीट काढायच्या आधी महिनोन्‌महिने मी रात्री जेवणं आटोपून त्याच वाचत बसायचे. भाषा येत नसली तरी चालतं, कारण मजकूर ठरलेला असतो: अमुक वर्षी, अमुक वाजता अधिकाऱ्यासमोर अमुक शेतमजूर हजर झाला आणि त्याने एक मूल दाखवलं. खरंच दाखवायला न्यावं लागायचं, बाप नाही तर सुईण घेऊन जायची. खाली साक्षीदार, आणि बहुतेकदा एक ओळ की हजर असलेल्यांना लिहिता येत नसल्याने सही फक्त अधिकाऱ्याची.

सगळ्यात मोठं घबाड लग्नाच्या फायलीत असतं. नवरा-नवरीचे जन्मदाखले तर त्यात असतातच, आईबाप गेलेले असतील तर त्यांचे मृत्यूचे दाखलेही. शिवाय बाप हयात नसेल तर संमती आजोबांची लागायची, आणि तेही गेलेले असतील तर त्यांचाही मृत्यूचा दाखला. एका फायलीत तीन पिढ्या. तिथे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच वयाचे चार चुलतभाऊ साल्व्हातोरे निघतात. अशा वेळी कोण कुणाचा ते आईच्या नावावरून ठरवायचं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्याच नावाने राहते. जन्माला आली त्या आडनावाने लग्न, त्याच आडनावाने मुलांच्या दाखल्यावर, त्याच आडनावाने मृत्यूची नोंद. त्यामुळे पणजीची आई, तिची आई, तिचीही आई अशी वाट सरळ मागे जाते. माझ्या माहेरी काकांनी अभिमानाने लॅमिनेट करून घेतलेली वंशावळ आहे. अकरा पिढ्या, सगळे पुरुष. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लग्नात बदललेलं नाव गोदावरी. आधीचं कोण सांगणार? मावशी होती तोवर विचारायचं होतंस." नवऱ्याच्या खापरपणजीचं आडनाव, तिचा बाप काय काम करायचा, ती कुठल्या गल्लीत जन्मली हे मला पाठ आहे. उत्साह कसला, तर हा.

प्रत्यक्ष गेलो तेव्हा नगरपालिकेतल्या बाईंनी वही चाळू दिली नाही. तशी देत नाहीत. तारीख सांगा, दाखला घ्या. मी तारखा इटालियनमध्ये टाइप करून नेल्या होत्या, तरी त्यांचं तोंड आंबटच. मग मी मोबाइलवर सासूबाईंच्या संत जोसेफच्या वेदीचा फोटो दाखवला. १९ मार्चला नवस फेडायला त्या तीन पायऱ्यांची वेदी मांडतात, निरनिराळ्या आकारांचे पाव, वालासारख्या मोठ्या शेंगांचे सुके दाणे, अंजिराची बिस्किटं. बाईंनी फोटो मोठा करून पावांवरची कातरकामाची नक्षी बघितली, आतल्या खोलीतून सहकाऱ्यांना बोलावलं, आणि टेक्सासात हे कोण करतं म्हणून आमचीच चौकशी सुरू झाली. दाखले त्याच दुपारी मिळाले, जेवणाची सुट्टी संपल्यावर.

जुन्या गावाला कुंपण आहे, पडझड चालूच असते. परवानगी काढून गावातल्याच एका आजोबांबरोबर आत गेलो. भूकंपाच्या वेळी ते शाळकरी होते. त्यांनी आम्हाला आडनाव विचारलंच नाही, घराण्याचं टोपणनाव विचारलं. एका आडनावाची वीस घरं, त्यामुळे ओळख टोपणनावानेच. ते आम्हाला कुठून माहीत असणार? मुख्य रस्ता कोर्सो उम्बेर्तो अजून फरसबंद आहे. दोन्ही बाजूंना दर्शनी भिंती उभ्या, आत छप्पर नाही, माजघरात अंजिराची झाडं. एका वरच्या मजल्याची निळी रंगवलेली भिंत राहिली होती, तिच्यावर ओळीने खुंट्या, आणि खाली जमीनच नाही. दाखल्यातल्या गल्लीपाशी आल्यावर आजोबांनी दगडांचा ढीग दाखवला आणि "यातलंच कुठलं तरी" म्हणाले. नवरा बराच वेळ तिथे रेंगाळला. मी खरं सांगते, मला तिथे काहीच वाटलं नाही. मला जे वाटायचं ते वह्या वाचताना वाटून झालं होतं.

कबरींचंही विचारता ना? सापडल्या नाहीत. इटलीत जागेची मुदत संपली की अस्थी काढून एकत्र ठेवतात. आणि इटालियन पासपोर्टही नाही. २०२५ च्या नव्या कायद्याने पणजोबांच्या नावावर तो मिळत नाही, किमान आजी-आजोबांपैकी कुणी तरी लागतं. सासूबाई विचारतात, "मग आता परत कशाला पैसे घालवताय?" पण खापरपणजीची आई सालापारुताची निघाली आहे, आणि तिथल्या वह्या मी अजून उघडलेल्याही नाहीत.