चहा कोमट, कान गरम

"अगं, चहा कोमटच राहतो आणि मगाच्या कानाला मात्र हात लावता येत नाही. मुलाने मायक्रोवेव्हवाल्याला बोलावून दाखवलासुद्धा. तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे."

जुलैतली सकाळ. पारसिकच्या डोंगरावरून पाऊस नुसता कोसळत होता आणि नेरूळच्या काकू छत्री मिटत दारात उभ्या होत्या. पिशवीतून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला मग निघाला. मीच घडवलेला. मागच्या दिवाळीआधी घेतलेला, राखाडी-निळा.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये माझं कुंभारकामाचं चाक आणि भट्टी आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी आखलेल्या या वसाहतीत घरं गटागटाने छोट्या चौकांभोवती बसवलेली आहेत. पावसाळ्यात आमचा चौकच ओला असतो, त्यामुळे एरवी दोन दिवसांत सुकणारा मग आठवडाभर फळीवर बसून राहतो. त्या दिवशी फळ्या भरलेल्या होत्या आणि हाताला काम नव्हतं. नाहीतर मी बहुधा "नवा देते काकू" म्हणून विषय संपवला असता.

मग हातात घेतला आणि नखाने काठावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, तसंच हे. नीट भाजलेला मग खणखणीत वाजतो. मी आतून पेनाची निळी शाई बोटाने फासली, एक मिनिट थांबून ओल्या फडक्याने पुसली. ग्लेझवर, म्हणजे मगाच्या काचेसारख्या लेपावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या रेघा उभ्या राहिल्या. विकताना यातली एकही रेघ नव्हती, हे मी शपथेवर सांगते. प्रत्येक मग मी उजेडात धरून बघते.

"टेबलावर ओलं कडं उमटतं का?" मी विचारलं.

"रोज! मला वाटायचं, मीच नीट पुसत नाही."

मग माझ्या लक्षात सगळं येऊ लागलं. हा मगच पाणी पीत होता. बुडाचं कडं आपण ग्लेझशिवाय कोरं ठेवतो, नाहीतर भट्टीत ते फळीला चिकटतं. धुताना तिथून आणि आतल्या रेघांतून पाणी मातीत शिरत होतं. मायक्रोवेव्ह पाण्याला तापवतो. ते पाणी चहात असलं काय आणि कानाच्या मातीत असलं काय, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे कान चटका देत होता आणि चहाच्या वाट्याला उष्णता कमी येत होती.

काकूंनी मात्र नेमका प्रश्न विचारला. "माठ पाझरला तर आपण चांगला म्हणतो. मग यात काय बिघडलं?"

माठ कमी तापमानाला भाजलेला असतो. तो पाझरतो, पाणी बाहेरून उडतं, म्हणून आतलं गार राहतं. ते त्याचं कामच आहे. मगाने पाझरून चालत नाही, कारण त्यात दूध घातलेला चहा असतो. रेघांत मुरलेलं दूध धुऊन निघत नाही, पुढे वास येतो. म्हणून मी वापरते ती स्टोनवेअरची माती 1000 अंशांच्या आसपास एकदा कच्ची भाजते आणि ग्लेझ लावून पुन्हा 1220 अंशांपर्यंत नेते. तिथे मातीतलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळून कणांच्या फटी भरतं आणि पाण्याला शिरायला जागा उरत नाही.

हा मग तिथवर पोचला होता का? काकूंना मी चहा दिला (दुसऱ्या मगातून) आणि त्यांचा मग ओव्हनमध्ये पूर्ण कोरडा करून वजनकाट्यावर ठेवला. 342 ग्रॅम. काकू गेल्यावर तो पाच तास पाण्यात उकळला, रात्रभर तसाच बुडवून ठेवला, सकाळी पुसून पुन्हा तोलला. 356. चौदा ग्रॅम पाणी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. मी माझ्या मगांना एक टक्क्याच्या आत धरते.

बुडाला कोरलेला आकडा बघितला: 14, वरचा कप्पा, म्हणजे चौदावी भाजणी. वही काढली. त्या भाजणीत तापमान दाखवणारे, पुरेसं तापलं की वाकणारे शंकू मी फक्त मधल्या कप्प्यात ठेवले होते आणि मधला शंकू व्यवस्थित वाकला होता. भट्टी तापवणारी वरची कॉइल थकली होती, हे पुढे सतराव्या भाजणीआधी कॉइल बदलताना कळलं होतं. पण आधीच्या तीन भाजण्यांच्या वरच्या कप्प्यांचं काय झालं असेल, हा विचारच तेव्हा केला नाही. ग्लेझ चकचकीत वितळलं होतं, त्याला मी भुलले. आतली माती अर्धवट राहिली होती. तशी माती महिनोन्महिने ओल शोषून किंचित फुगते, वरचं ग्लेझ काचेसारखं असल्याने ताणलं जात नाही आणि तडकतं. म्हणून रेघा विकताना नव्हत्या, नंतर आल्या.

तीन भाजण्या, वरचे कप्पे, मिळून एकतीस मग. दिवसभर फोन केले. बावीस जणांचे नंबर होते. काहींना काहीच जाणवलं नव्हतं, एकीने तर "त्या रेघाच किती सुंदर दिसतात" म्हणून मग परत द्यायला नकार दिला. तिला सांगितलं, पेन ठेव त्यात, चहा नको. उरलेले नऊ प्रदर्शनात रोखीने गेलेले आहेत. कुणाच्या तरी टेबलावर आजही ओली कडी उमटत असतील, याचं मला फार वाईट वाटतं. आता प्रत्येक कप्प्यात शंकू असतो आणि प्रत्येक कप्प्यातला एक मग मी विकत नाही, उकळून तोलते.

काकूंना नवा मग करायचा होता. त्यांची एकच अट होती, "कान अगदी असाच हवा." उजव्या हाताची बोटं त्यांची सांध्यांत सुजलेली. दुकानातल्या कपाच्या कानात त्यांचं एकच बोट कसंबसं जातं आणि सगळा भार त्या एका सांध्यावर येतो. या कानात दोन बोटं सैल जातात, तिसरं खालून टेकतं आणि अंगठा वरच्या खोलगट जागेत बसतो. ती जागा मी मुद्दाम केलेली नव्हती. कान जोडताना ओल्या मातीवर माझा अंगठा दाबला गेला होता, तोच हा ठसा. साच्यातल्या कपात अशी चूक सापडत नाही. मी त्यांची बोटं दोऱ्याने मोजली आणि कान त्याहून बराच मोठा ओढला, कारण माझी माती ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण बारा टक्के आकसते. पावसाळी हवेत कान लवकर सुकतो, मगाचं पोट मागे राहतं आणि जोडावर तडा जातो, म्हणून पाच दिवस कानाला प्लास्टिक गुंडाळून ठेवलं.

तीन आठवड्यांनी त्या न्यायला आल्या. टिचकी मारून आधी आवाज ऐकला. सांगितलं, फ्रिजमधून काढल्या काढल्या यात उकळता चहा ओतू नका, आधी नळाच्या कोमट पाण्याने विसळा. डाग पडले तर ओला खाण्याचा सोडा बोटाने चोळा, तारेची घासणी नको. पालथा घातलात तर खाली फडकं ठेवा, काठ ओट्यावर आपटतो तो बहुतेक तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.

"रात्री पाणी भरून पेपरवर ठेवला होता. आत्ता उचलला."

"मग?"

"पेपर कोरडा आहे. आता चहा टाकते."