लँथनमची बाटली

जुलैतला सोमवार. रबाळे स्टेशनपासून लॅबपर्यंत येताना छत्री असून नसल्यासारखी. दार ढकललं तोच मामांची हाक आली, "मॅडम, तुमच्या वड्या गेल्या!"

पावडर दाबून भाजलेल्या चकत्यांना, म्हणजे पेलेटना, आमचे मामा वड्या म्हणतात. शनिवारी फर्नेसमधून काढलेल्या चार, काळ्याभोर, १३०० अंशांवर भाजलेल्या. बशीत टाकल्या की खणकन वाजायच्या. आता बटर पेपरवर राखाडी भुगा होता. एक तेवढी आकार धरून होती. चिमट्याने उचलायला गेले तर तीही दुभंगली आणि भेगेत पांढरे ठिपके दिसले. पेलेटला तडे गेलेले पाहिलेत, वाकलेली पाहिलीत. नुसती ठेवल्या ठेवल्या भुगा झालेली पहिल्यांदाच पाहत होते. ठेवली होती डेसिकेटरमध्येच, म्हणजे वस्तू कोरडी ठेवायच्या बंद भांड्यात, पण आतली ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल केव्हाच गुलाबी झालेली, म्हणजे पाण्याने भरलेली. ती सुकवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही.

पदार्थ म्हणजे स्ट्रॉन्शियम मिसळलेलं लँथनम मँगनाइट. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या सेलमध्ये, हवेच्या बाजूचं इलेक्ट्रोड याचं करतात. तिथे ८०० अंशांच्या वर हजारो तास काढायचे असतात, आणि आमच्याकडे नवी मुंबईच्या दमट हवेत दोन रात्रीही निघाल्या नाहीत!

भुगा एक्सआरडीला लावला, म्हणजे क्ष-किरण कोणत्या कोनात परततात त्यावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राला. आमच्या पदार्थाचं आलेखावरचं पहिलं शिखर २३ अंशांच्या कोनाच्या आसपास येतं, त्याआधी सगळं सपाट हवं. तर १६ च्या अलीकडेच एक ठसठशीत उभं. लँथनम हायड्रॉक्साइड. म्हणजे वडीत थोडं लँथनम ऑक्साइड सुटं राहिलं होतं. त्याने हवेतलं पाणी ओढलं आणि फुगून आकाराने दीडपटीहून जास्त झालं. घट्ट भाजलेल्या वडीत फुगायला जागा कुठली? त्याने वडीच फोडली.

पण सुटं राहिलं कसं? लॉगबुक काढलं.

वड्यांसाठी जी पावडर वापरतो ते लँथनम ऑक्साइड बाटलीतही पाणी खातं. १०० ग्रॅमचं पूर्ण हायड्रॉक्साइड झालं की ११६.६ ग्रॅम भरतं. आपण काट्यावर लँथनम समजून पाणी मोजत बसतो. जूनमध्ये बाटली तपासली तेव्हा जवळजवळ सगळीच पावडर तशी निघाली होती, म्हणून पानावर लाल पेनाने लिहिलेलं, '× १.१६६'. अक्षर माझंच. ज्युनिअरने ते इमानेइतबारे पाळलं. फक्त त्याआधी, एमएस्सीला शिकवलं होतं तसं, पावडर रात्रभर १००० अंशांवर भाजून घेतली होती. पाणी उडून गेलेलं, गुणाकार मात्र तसाच. म्हणून लँथनम गरजेपेक्षा जास्त पडलं.

"मी विचारणार होते मॅडम, पण तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं ना..."

तिला काय बोलणार? मी फक्त आकडा लिहिला होता, कशासाठी ते लिहिलंच नव्हतं.

संध्याकाळी ताजी भाजलेली दोन ग्रॅम पावडर काट्यावर ठेवली आणि काट्याची काच मुद्दाम उघडी सोडली. दशांशानंतरचा चौथा आकडा हलायला लागला. मग तिसरा. शेवटच्या ओव्हरचा स्कोअर बघावा तसे आम्ही तिघं उभे. मामांनी आणलेला चहा तसाच गार झाला. ज्युनिअरने लॉगबुक ओढलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती ओळ स्वतःच खोडली.