चोच मऊ, छाती तापलेली
शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आजचा रेझिनचा गंडभेरुंड, म्हणजे पुराणातला दोन डोक्यांचा पक्षी, तोपण ओतताना वाया गेला. या पावसाळ्यातला तिसरा.

साचा सोडवला तेव्हा समोरून देखणा होता. पिसं उठलेली, पंज्यातले दोन्ही हत्ती नीट. उलटा केला तर पाठीवर अंगठा बसेल एवढा खळगा. डाव्या चोचीचं टोक नखानं दाबलं, ते रबरासारखं वाकलं. ओतून पाऊण तास झालेला, तरी छातीला हात लावला की चटका बसत होता. हॅक्सॉनं मधोमध कापला. गाभा पिवळट तपकिरी पडलेला आणि त्यातून एक भेग गेलेली.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी दोन इंची मावळे ओतता ओतता मी या कामात आलो. ते इतके बिनबोभाट यायचे की मोठ्या मूर्तीला रेझिन तेवढं जास्त लागेल, असंच धरून चाललो होतो. हा पक्षी फूटभर उंच, छाती नऊ सेंटिमीटर जाड. पंख प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे दाब देऊन बुडबुडे चेपायच्या बंद भांड्यात, मावत नाहीत म्हणून वेगळे ओततो. पण दोन्ही डोकी धडाबरोबर एकाच साच्यात, आणि चोचीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर.

पहिला जून महिन्यात गेला, तो दमट हवेनं. माझं रेझिन पॉलियुरेथेनचं, दोन डब्यांतले द्रव मिसळले की घट्ट होणारं. त्यातल्या एका डब्यात आयसोसायनेट असतं. त्याला पाण्याचा अंश लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेळगावातल्या आंगोळात महिनाभर झड लागलेली, डबा अर्धा वापरून तसाच ठेवलेला. कापून बघितलं तर आत आंबोळीसारखी जाळी. आता डबे सिलिका जेल घालून हवाबंद पिंपात राहतात आणि ओतण्याआधी साचा बल्बच्या पेटीत शेकून घेतो.

दुसऱ्याचा दोष साच्यात होता. साचा सिलिकॉन रबराचा, तो करताना त्यातले बुडबुडे व्हॅक्यूमनं पुरते निघाले नव्हते. पॉटमध्ये ४० पीएसआय (चौरस इंचाला ४० पौंड) दाब दिल्यावर ते आत चेपले आणि मूर्तीभर पुरळ उठल्यासारखे उंचवटे आले. व्हॅक्यूमच्या गेजनंही मला पूर्वी दोन दिवस नाचवलं होतं. काटा पाऱ्याच्या २७ इंचांच्या पुढं जाईना, मी गळती शोधत बसलो. गळती नव्हतीच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथल्या हवेचा दाबच तेवढा कमी. समुद्रकाठी दिसणारे २९ इंच इथं दिसणारच नाहीत.

पंखही मावतील असा मोठा पॉट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचं मनात होतं. १८ इंचांचं झाकण धरून हिशेब मांडला. ४० पीएसआयला त्या एका झाकणावर साडेचार टनांहून जास्त जोर येतो. घरात ते नको. विषय बंद केला.

तर आजचा तिसरा. कापलेले दोन्ही तुकडे घेऊन दाराशी गेलो. आप्पांना मी ओतायच्या खोलीत येऊ देत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यांनी एकतीस वर्षं मोल्डिंग केलं, वाळूच्या धुळीनं छाती आधीच भरलीय. हा वास त्यांना नको. ते उंबऱ्यापलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सगळं बघतात.

तुकडा उजेडात फिरवून म्हणाले, "श्रिंकेज हाय. जाड जागी रायझर ठेवलास न्हाई."

मी म्हटलं, "आप्पा, रायझरनं भागणार नाही. लोखंडात पातळ भाग आधी गोठतो आणि जाड शेवटी, म्हणून रायझरमधला जादा रस त्याला पुरतो. यात उलटं आहे. मिसळलं की हे स्वतःच तापतं आणि तापेल तसं लवकर घट्ट होतं. छातीतली उष्णता बाहेर जायला वाट नाही, भोवती सिलिकॉन, ते तर गोधडीसारखं. त्यामुळं छाती आधी आवळते. चोचीत ऊबच धरत नाही, ती मऊ राहते."

ते बराच वेळ गप्प होते. एकतीस वर्षं हातात मुरलेला नियम असा उलटा ऐकणं सोपं नसणार. मग बोटानं छातीचा गाभा दाखवून म्हणाले, "मग एवढं जाड ठेवतोस कशाला? कोअर घाल की."

मला हे सुचायला हवं होतं. बीडाच्या ओतकामात पोकळी हवी तिथं वाळूचा कोअर बसवतात, तो हलू नये म्हणून खाली लोखंडाचे छोटे आधार देतात. चॅपलेट म्हणतात त्यांना. ते मालातच विरघळून एकजीव होतात. मला कोअर काढायचाही नाही. त्याच रेझिनची लहान छाती आधी ओतायची, दोन दिवस पूर्ण निवू द्यायची, आणि साच्यात रेझिनच्याच बारीक चॅपलेटवर टेकवायची. मग नवं रेझिन भोवतीनं आठ मिलिमीटर. ताप कमी, आकसणं कमी. चोचीकडची बाजू हेअर ड्रायरनं वेगळी शेकायची.

मंगळवार, रात्री

रविवारी ओतलेला कोअर आज वापरला. तो पेटीत सुकवला, पृष्ठभाग सँडपेपरनं खरवडला, म्हणजे नवा थर धरून राहील. पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर ओतायला मिळणारा वेळ, चार मिनिटांचं, शेकलेल्या साच्यात त्याहून कमी. वजन करून मिसळलं, एका कोपऱ्यातून बारीक धारेनं ओतलं, झाकण आवळलं, दाब ४० वर नेला. दीड तास हात लावला नाही.

दाब सोडून साचा उघडला. पाठ सपाट. छाती कोमट. दोन्ही चोची नखानं दाबल्या, वाकल्या नाहीत. बोटानं टिचकी मारली तेव्हा कडक टक्‌ असा आवाज आला. डोळ्यांत पाणी आलं.

उंबऱ्याशी नेऊन आप्पांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो दहा मिनिटं फिरवला. मग खिशातून खडू काढून उजव्या पंज्यातल्या हत्तीच्या सोंडेला गोल केला. रिजेक्ट माल बाजूला काढताना करायचे तसा. सोंडेचं टोक भरलं नव्हतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"इथला वारा कुठनं जाणार रे?"

तिथं व्हेंट नाहीच. उद्या सकाळी साच्यात दीड मिलिमीटरची नळी घालतो.