आमची वाटचाल : दोन हजार नोटिसा आणि एक रकाना

सांगलीतलं आमचं दुकान दहा बाय चौदाचं. पण जिल्ह्यात ज्या घरात कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचा सभासद आहे, त्या घरात आमच्याकडचा एखादा कागद गेलेला असतोच. वार्षिक सभेची नोटीस म्हणा, लाभांशाचं पत्र म्हणा, नाहीतर थकबाकीची नोटीस. मजकूर एक, नावं हजारो. आम्ही त्याला नुसतं 'मर्ज' म्हणतो.

सुरुवात वर्डस्टारनं झाली, म्हणजे जुन्या डॉस संगणकावरच्या पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमनं. मावसभाऊ भागीदार होता. पत्राच्या डोक्यावर डीएफ लिहून यादीच्या फाईलचं नाव द्यायचं, आरव्ही लिहून रकान्यांची नावं ओळीनं द्यायची. ओळीत एक स्वल्पविराम जास्त पडला की पुढच्या सगळ्या माणसांची गावं बदलायची. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स रात्रभर खडखडायचा, शेजारचे शिव्या घालायचे. मराठीसाठी संगणकात बसवायचं सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागे. ते घेईपर्यंत पत्ते इंग्रजीतच जायचे. पुढे मावसभाऊ पुण्याला नोकरीला गेला, मशीन माझ्याकडे राहिलं.

मराठीतलं पहिलं मोठं काम दूध संस्थेचं, दिवाळीआधीच्या दूधदराच्या फरक बिलाची पत्रं. सेक्रेटरी होते अण्णा. मी मोठ्या हौसेनं गावाचा रकाना घालून पुढं 'मध्ये राहणारे' असं टाकलं होतं. प्रूफ बघून अण्णा हसायलाच लागले. "आरं बाळ, 'विटामध्ये' कोण राहतंय? माणसं विट्यात राहत्यात. 'विटा येथील' लिही. तलाठ्याचा कागद कधी बघितला न्हाईस?"

त्या एका वाक्यात मला धंदा कळला. मराठीत प्रत्यय लागला की नाव बदलतं, आणि रकान्यातलं नाव तर बदलता येत नाही. म्हणून 'येथील', 'यांस', 'यांचेकडून'. सरकारी मराठीला लोक हसतात, पण ती भाषा रिकाम्या जागा भरण्यासाठीच घडली आहे. तेव्हापासून मजकूर कुणाचाही येवो, रकान्याला चिकटलेला प्रत्यय मी आधी काढतो. काही साहेबांना राग येतो. येऊ दे.

आता ते २०११ चं सांगतो. एका पतसंस्थेच्या मार्चअखेरच्या वसुली नोटिसा होत्या, दोन हजारांवर. यादी एक्सेलमध्ये आली. संस्थेतल्या क्लार्कनं नावं अकारविल्हे लावली होती, पण लावताना नाव, गाव, पत्ता एवढेच तीन रकाने निवडले होते. एक्सेल निवडलेलंच हलवतं. खाते क्रमांक, जामीनदार आणि थकबाकी जागच्या जागी राहिली. नावं सरकली, कर्जं नाही.

मी बेरीज जुळवली होती. जुळली. जुळणारच! रकाना सरकला म्हणून बेरीज सरकत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ही माझी चूक, आणि मी ती कधी नाकारली नाही.

नोटिसा रजिस्टरनं गेल्या. तिसऱ्या दिवशी सोनंतारणावर आठ हजार उचललेल्या एका मावशी चार लाखांची नोटीस घेऊन रडत संस्थेत आल्या. ती गोष्ट मला अजून टोचते. दुसरी ऐकून मात्र लोक आजही हसतात. एका बड्या थकबाकीदारानं नोटिशीतले अकराशे चाळीस रुपये काउंटरवर भरले आणि बेबाकी दाखला मागितला. सहकार कायद्याच्या वसुलीच्या कलम १०१ खाली ज्याच्यावर दावा लावायचा होता, तोच माणूस पावती हलवत उभा!

संचालकांच्या बैठकीत ठरलं, छापणाऱ्यानं घोळ केला. आलेली फाईल, ती आल्याची तारीख, वेळ, सगळं घेऊन मी बाहेरच्या बाकड्यावर साडेतीन तास बसलो होतो. आत बोलावलं नाही. माझं एक्केचाळीस हजारांचं बिल अडकलं ते आजतागायत. महिन्याभरात आणखी चार संस्था गेल्या. तीन मुलांपैकी दोघांना घरी पाठवलं, हिच्या पाटल्या गहाण पडल्या.

अण्णा जूनमध्ये नेहमीप्रमाणे यादी घेऊन आले. म्हणाले, "चूक कुणाची ते मला कळत न्हाई. तू दुकान उघडं ठेवलंस, बास."

पतसंस्थेचं ते काम पुण्याच्या एका पार्टीनं उचललं. तयार सॉफ्टवेअर, हॉटेलात प्रेझेंटेशन, वर जेवण. "यात चूक होऊच शकत नाही," असं सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. दोन वर्षं होऊच शकली नाही. मग त्या पतसंस्थेत दुसरी छोटी संस्था विलीन झाली. तिथल्या खात्यांना 'मि/४०७' असे क्रमांक होते, आणि त्या सगळ्या सभासदांच्या नोटिशीवर छापून आलं : कर्ज खाते क्र. ०.

रात्री साडेनऊला मॅनेजरांचा फोन आला. ऐकताक्षणी ओळखलं. वर्ड एक्सेलमधून यादी ओढतो तेव्हा मधला ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारा प्रोग्रॅम, पहिल्या आठ ओळी बघून रकान्याची जात ठरवतो. आठही ओळींत आकडे दिसले की रकाना आकड्यांचा, मग पुढं आलेल्या 'मि'चं शून्य होतं. मी जाऊन यादीच्या डोक्यावर एक खोटी ओळ घातली, तिच्या खाते क्रमांकात 'अबक' लिहिलं. दहा मिनिटांचं काम. बिलाला जुन्या बिलाची प्रत जोडली. नवं पास झालं.

विचारलं नाही कुणी, तरी सांगतो. खाते क्रमांक एक्सेलमध्ये आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात. साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाईलीत, मराठी सेव्ह करू नका, प्रश्नचिन्हं उरतात. आणि बेरजेवर विसंबू नका. संस्थेचं खतावणीचं पुस्तक मागा, मधली कुठलीही दहा खाती काढा, बोट ठेवून ताडा.

अक्षरी रकमेचं वेगळंच. वर्ड आकडे शब्दांत लिहितो, पण इंग्रजीत, त्याला लाख माहीत नाही आणि ९,९९,९९९ च्या पुढं तो हात वर करतो. मराठीत तर एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचं नाव निराळं. हिनं, म्हणजे आमच्या बाईंनी, शाळा सांभाळून ती अख्खी यादी टाइप केली, एकोणसाठ-एकोणसत्तरचे घोळ निस्तरत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बावन्न'चं 'पन्नास दोन' आलं तेव्हा ही म्हणाली, "वीस वर्षं आधी सुचलं असतं तर माझे चार रविवार वाचले असते." त्याच वर्षी पूरही आला. संगणक माळ्यावर होते, वाचले.

अण्णा आता निवृत्त आहेत. प्रत्येक कामाची पहिली नमुना प्रत अजून त्यांच्याच नावानं निघते, कारण नाव लांब, गाव दोन, सभासद क्रमांकात तिरकी रेघ. २०११ नंतर त्यांनीच सांगितलं होतं, "माझं नाव घाल. पण थकबाकी लावू नकोस, खोटी असली तरी." मला तर चौकटीत मावते का बघायला मोठी रक्कम लागते. म्हणून आमच्या नमुन्यात अण्णांच्या नावावर ठेव आहे : रुपये ९९,९९,९९९, अक्षरी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव फक्त. दिवाळीला आले की ते व्याजाचं विचारतात.